मोघ्यांच्या जावाचे मडगार्ड

तेलीबागहून चारबागला जाणाऱ्या टेंपोत सहा माणसांच्या जागेत आठ माणसं बसली होती आणि चारुलता मोघे यांच्या मांडीवर जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लांबलचक, वाकडी वस्तू होती. टेंपो खड्ड्यातून गेला की चादरीच्या आतून खणखण आवाज यायचा. समोरच्या बाईंनी बराच वेळ धीर धरला.

"दीदी, ये ढोलक है क्या?"

"नहीं. मडगार्ड है. मोटरसाइकिल का."

बाईंनी चारुलताला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. पंचावन्नच्या आसपासची बाई, इस्त्रीची सुती साडी, चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. मोटरसायकलशी जुळावं असं त्यात काही नव्हतं.

"आपकी है?"

"पिताजी की."

"चलाते हैं?"

"नहीं, अब कहाँ. बयासी के हैं."

"तो फिर बनवा काहे रही हैं?"

चारुलताने चादर मांडीवर घट्ट आवळून घेतली.

खरं तर उत्तर सोपं होतं. गाडी द्यायची होती, म्हणून दुरुस्त करायची होती. धाकट्या भावाचा, धनंजयचा, गणपतीत पुण्याहून फोन आला होता. त्याने नवा फ्लॅट घेतला होता आणि हॉलच्या एका कोपऱ्यात बाबांची जुनी जावा उभी करायची त्याची कल्पना होती. मागे पिवळा दिवा, बाजूला कुंड्या. आत्माराम मोघ्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देतो. तुलाच द्यायची होती. पण अशी नाही देणार. आधी नीट करू, मग दिवाळीनंतर ने."

आत्माराम मोघे मूळचे सांगलीचे. १९६१ साली ते लखनौला आले ते वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेच्या वर्कशॉपमध्ये. फोरमन होऊन निवृत्त झाले. शास्त्रज्ञांना हवं असलेलं कुठलंही यंत्र बाजारात मिळालं नाही की ते मोघ्यांकडे यायचे, आणि मोघे ते करून द्यायचे. जावा त्यांनी सदुसष्ट साली घेतली, मरून रंगाची, टाकीवर चकचकीत क्रोम. तीस वर्षं स्वतः चालवली, स्वतः उघडली, स्वतः बांधली. सत्तरीत गुडघे गेले आणि गाडी जिन्याखाली उभी राहिली. पुढच्याच वर्षी गच्चीवरची लोखंडी टाकी खाली उतरवताना मजुरांच्या हातून निसटली ती नेमकी पुढच्या मडगार्डवर. मागचा मडगार्ड गंजाने खाल्ला. बाकी इंजिन तसं ठीक होतं. मोघ्यांनी ते दर वर्षी दसऱ्याला कुणाला तरी हाताशी धरून, शिव्या घालत, सुरू करून घेतलं होतं.

चारुलता त्याच संस्थेच्या ग्रंथालयात लागली. तीस वर्षं तिने पुस्तकांची कार्डं लिहिली, आणि आता ती कार्डं संगणकात भरत होती. लग्नाचे दोन-तीन योग आले आणि गेले. मग अठ्ठ्याऐंशी साली आई गेली, आणि त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही, तिनेही नाही. घर, ग्रंथालय, बाबा. यात दिवस भरून जायचे.

त्या शनिवारी चारबागला टेंपो बदलून ती लालबागच्या गल्लीत शिरली तेव्हा तिच्या पिशवीत बाबांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलेल्या अकरा सूचना होत्या.

इश्तियाक मियाँचं दुकान म्हणजे सीट-कव्हरवाल्यांच्या मागे एक पत्र्याची शेड. वय सत्तरच्या घरात, अंगाने काटकुळे, कुर्त्याला वेल्डिंगच्या ठिणग्यांची बारीक बारीक भोकं. संस्थेच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं की पत्रा हाताने ठोकून सरळ करणारा लखनौत आता हा एकच उरलाय, बाकीचे सगळे खड्ड्यांत लांबीचा लगदा भरून रंग मारतात. त्यांनी चादर सोडली, मडगार्ड डोळ्यांजवळ नेला, मग डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवला.

"किसने मारा है इसको?"

"छत से टंकी गिरी थी. ग्यारह साल पहले."

"ग्यारह साल! और अस्पताल आज ला रही हैं?"

चारुलताने कागद काढला. "पिताजी ने कुछ लिखकर दिया है."

"लिखकर?" मियाँच्या भुवया वर गेल्या. "पढ़िए."

पहिली सूचना होती, 'लोखंडी हातोडी सुरुवातीला लावायची नाही. गाढवासारखा ठोकू नको.' चारुलताने वाचलं, "कहते हैं, शुरू में लकड़ी की हथौड़ी चलाएँ तो मेहरबानी होगी." दुसरी होती, 'लांबी भरणारा कारागीर हा चोर समजावा.' ती म्हणाली, "और पुट्टी न भरें तो अच्छा रहेगा."

"पुट्टी?" मियाँनी मडगार्ड खाली ठेवला. "मोहतरमा, पुट्टी वो भरते हैं जिनसे लोहा रूठ गया हो. आपके अब्बा करते क्या थे?"

"वर्कशॉप में फोरमैन थे."

"तभी," इश्तियाक मियाँ म्हणाले, आणि त्यांनी उरलेल्या नऊ सूचना ऐकायला नकार दिला. काम मात्र ठेवून घेतलं.

घरी आल्यावर बाबा खुर्चीत वाटच बघत होते.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, तुमच्या सूचना फार बारकाईच्या आहेत."

"म्हणजे चिडला."

"नाही हो बाबा. चांगले आहेत ते."

"चांगला असेल तर चिडलाच असणार," आत्माराम म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांत दिसला नव्हता असा एक उत्साह दिसला. "पुढच्या शनिवारी त्याला विचार, ठोकताना आतून लोखंडी गुटका कुठला धरतोस म्हणावं. चपटा की गोल?"

चारुलताला या कामाची सवय होती. बाबांचं बोलणं आयुष्यभर तिने असंच लोकांपर्यंत पोचवलं होतं. दूधवाल्यापर्यंत, डॉक्टरांपर्यंत, शेजारच्या तिवारीजींपर्यंत, आणि धनंजयच्या बायकोपर्यंतही. बाबा बोलत तसं ते पुढे नेलं असतं तर मोघ्यांच्या घरी दूध आलं नसतं आणि माणसंही आली नसती. त्यामुळे ती मधल्या मध्ये थोडं पाणी घालायची. लोकांचं बोलणं बाबांपर्यंत आणतानाही तेच. आता तेलीबाग ते लालबाग अशी तिची दर शनिवारची फेरी सुरू झाली. एकमेकांना कधीही न पाहिलेले दोन म्हातारे तिच्या तोंडून कडाकडा भांडू लागले.

"त्याला म्हणावं, उष्णता कमी दे. पत्रा पापडासारखा होईल."

"पिताजी पूछ रहे थे, गैस की आँच कितनी रखते हैं?"

"उनसे कहिए, जितनी आप चाय के नीचे रखते हैं उससे ज़रा ज़्यादा."

"बाबा, ते म्हणाले, काळजी करू नका, मंद आचेवर करतायत."

"हूं. टोमणा मारला असेल. मूळ शब्द सांग."

तिने मूळ शब्द सांगितले. आत्माराम इतके हसले की त्यांना ठसका लागला.

खरं भांडण पेटलं ते मागच्या मडगार्डच्या कडेवरून. तो तिने दुसऱ्या फेरीत नेला होता. त्याचा गंजलेला खालचा भाग कापून मियाँ तिथे नवा पत्रा जोडणार होते. आत्मारामांचं म्हणणं, कडेच्या वळीत तार असते, पत्रा तारेवर वळवलेला असतो, तशीच वळी हवी. इश्तियाक मियाँचं म्हणणं, जावाच्या वळीत तार नसतेच, पत्रा नुसता दुमडलेला असतो.

"चाळीस वर्षं मी ती गाडी धुतलीय," आत्माराम कडाडले. "मला सांगतोय तार नाही!"

"हमने सैकड़ों जावा खोली हैं," मियाँ तिकडून शांतपणे म्हणाले. "अब्बा को याद नहीं आ रहा होगा. उम्र है."

हे वाक्य चारुलताने घरी नेलं नाही. पण पुढच्या शनिवारी तिने मियाँकडून कापलेला गंजका तुकडा मागून घेतला, डब्यात घातला आणि घरी आणला. स्वयंपाकघरात बसून तिने केसातल्या आकड्याने त्याची कड उकलून पाहिली. गंजाचा भुगा पडत राहिला. आत तार नव्हती.

तार आहे असं बाबांना सांगणं सोपं होतं. मियाँनी तार घातली असंही सांगता आलं असतं. आजवर तिने याहून मोठ्या गोष्टी गोड करून सांगितल्या होत्या. पण हा पत्रा होता, आणि पत्र्याबद्दल बाबांशी खोटं बोलणं तिला जमेना. ती बाहेर आली आणि तो तुकडा तिने त्यांच्या हातात ठेवला.

आत्मारामांनी तो उजेडाकडे धरला, नखाने कड चाचपली. पुन्हा पुन्हा चाचपली. मग म्हणाले, "तार नाहीये."

"नाहीये."

"मग ती वळी कशाची होती? माझ्या डोळ्यापुढे आहे ती तार." ते आठवत राहिले. आठवेना. "एखाद्या टाकीची असेल. वर्कशॉपातल्या." तुकडा त्यांनी तिला परत दिला. "त्याला म्हणावं, तुझं बरोबर आहे. तुला वाटतं तसं कर."

हा निरोप तिने पाणी न घालता नेला. इश्तियाक मियाँनी तो ऐकला तेव्हा हातातली हातोडी बाजूला ठेवली.

"ऐसे ही कहा? 'तेरा सही है'?"

"ऐसे ही."

"बड़े आदमी हैं," मियाँ म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी अब्बांची तब्येत विचारली.

त्याच शनिवारी आणखी एक गोष्ट झाली. मियाँच्या हाताखालचा माणूस गावी गेला होता आणि पुढच्या मडगार्डचा मुख्य पोचा काढायचा राहिला होता. एकाने आतून लोखंडी गुटका घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्याने बाहेरून ठोकायचं. मियाँ इकडे तिकडे बघत होते.

"मैं पकड़ूँ?" चारुलता म्हणाली.

"आप? साड़ी ख़राब होगी."

"होने दीजिए."

पहिला घाव तिच्या तळव्यातून कोपरापर्यंत गेला. दुसऱ्याला तिने दात आवळले. दहाव्या घावापर्यंत तिला कळायला लागलं की घाव नेमका गुटक्यावर बसला की आवाज घट्ट येतो, आणि चुकला की पत्रा पोकळ वाजतो. मग मियाँ काही म्हणायच्या आत तीच गुटका सरकवू लागली. मियाँच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांची नजर धूसर आणि भिस्त सगळी तळव्यावर. त्यांनी तिचा हात पत्र्यावर ठेवायला लावला.

"उँगलियों से नहीं, हथेली से. आँख बंद कीजिए. बताइए, ऊँचा कहाँ है?"

"यहाँ."

"और?"

"यहाँ… थोड़ा सा."

"पढ़ी-लिखी हैं, जल्दी सीखेंगी," मियाँ म्हणाले.

रविवारी दिवसभर तिचा हात बधिर होता. पोळ्या लाटताना लाटणं निसटत होतं. आत्मारामांनी तिच्या नखांकडे पाहिलं.

"हे काळं काय?"

"शाई."

"हल्ली लायब्ररीत पुस्तकांना ग्रीस लावतात वाटतं?"

ती साबणाने हात धुवायला उठली. त्यानंतर त्यांचे प्रश्न बदलले. 'तो काय म्हणाला' असं विचारायच्या ऐवजी ते विचारू लागले, "तुला काय वाटलं? डाव्या बाजूचा उतार आलाय का?" चारुलता सांगायची, आणि सांगताना हवेत हाताने तो उतार काढून दाखवायची.

रंग लागला, भट्टीत भाजून निघाला. गल्लीतल्याच एका पेंटरने बारीक ब्रशने सोनेरी रेषा ओढल्या. नोव्हेंबरच्या एका रविवारी सकाळी कोवळ्या उन्हात जावा पोर्चमध्ये घेतली गेली. आत्माराम शाल पांघरून खुर्चीत बसले. त्यांनी जानव्याला बांधलेली किल्ली सोडली आणि तिच्या हातात दिली. हत्यारांच्या पेटीची. ही पेटी लहानपणी धनंजयला उघडायला मिळायची. चारुलताने एकदा त्यातला स्क्रू-ड्रायव्हर डब्याचं झाकण उचकटायला घेतला होता, तेव्हा बाबांनी तिला जे ऐकवलं ते ती चाळीस वर्षांत विसरली नव्हती. पेटीत पान्हे आकारमानाने ओळीत लावलेले होते आणि प्रत्येक पान्हा तेलाच्या फडक्यात होता.

"चौदा नंबर घे. नाही, रिंगचा. बोल्ट आधी हाताने लाव, सगळे. एकही आवळायचा नाही. चारही लागले की मग थोडं थोडं, समोरासमोरचे."

मागचा मडगार्ड तासाभरात बसला. पुढच्याने घोळ घातला. चारही बोल्ट आवळले आणि चाक फिरवलं तर टायर डाव्या बाजूला खस्स खस्स घासत होता.

"मडगार्डची दांडी वाकव," आत्माराम म्हणाले. "पाइपात घालून जरा बाहेर ओढ."

चारुलता उकिडवी बसून बघत होती. तिने चाकाच्या आणि मडगार्डच्या मधे बोटं घातली, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एकच. "बाबा, दांडी सरळ आहे. नवा रंग जाड बसलाय, त्यामुळे उजवीकडचा कान, बोल्टची ती पट्टी, बाहेर राहिलाय. डावीकडे आतून एक वायसर घातला तर?"

"दांडी वाकव म्हणतोय ना मी!"

"वाकवली तर रंग तडकेल."

बापाच्या शब्दाला तिने असं उत्तर कधी दिलं नव्हतं. पण तिने डबीतून वायसर शोधला, बोल्ट सैल केला, वायसर आत सरकवला आणि पुन्हा आवळलं. चाक फिरवलं. फिरलं. नुसतं फिरत राहिलं, कुठे म्हणून आवाज नाही.

आत्माराम खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. तिने धरायला हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला. गाडीपाशी आले आणि मडगार्डवरून तळवा फिरवू लागले, पुढून मागे, मागून पुढे, फार सावकाश. डाव्या कानापाशी त्यांचा हात जरा थांबला. मग पुढे गेला. खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "धनूला फोन लाव. स्पीकरवर टाक."

"काय बाबा, झाली का गाडी?" तिकडून धनंजय म्हणाला. "मी ट्रान्सपोर्टवाल्याशी बोललोय. पुढच्या आठवड्यात…"

"गाडी येणार नाही."

"म्हणजे?"

"हॉलमध्ये उभी करतोस ना तिला? मग सोफा काय रस्त्यावर चालवणार आहेस?"

"अहो पण तुम्हीच म्हणालात…"

"म्हणालो. चुकलो. तिला इथल्या हवेची सवय झालीय. पुण्यात तिला करमणार नाही."

मग धनंजय हसला. त्याला थोडं लागलं होतं, ते हसण्यातही कळत होतं, पण मुलगा मनाचा मोकळा होता. "बाबा, सरळ सांगा ना ताईला देताय म्हणून. ताई, आहेस का तिथे? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," चारुलता म्हणाली. तिच्या हातात अजून पान्हा होता.

"चालवणार आहेस का?"

ती काही म्हणायच्या आधीच आत्माराम ओरडले, "न चालवायला काय झालं? मी शिकवतो!"

आणि खरंच त्यांनी शिकवलं. तिच्याकडे पंजाबी ड्रेस नव्हते, तिने अमीनाबादहून दोन आणले. डिसेंबरभर सकाळी दहा मिनिटं, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. फाटकात खुर्ची टाकून आत्माराम बसायचे आणि अख्ख्या तेलीबागला ऐकू जाईल अशा आवाजात सूचना द्यायचे. "क्लच सोड! हळू! अगं, पुस्तक मिटतेस का?" शेजारचे तिवारीजी कपातला चहा घेऊन बाहेर येऊन उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या तुळशीच्या कुंडीवर गेली. कुंडी फुटली, मडगार्डला मात्र ओरखडाही आला नाही. दहाव्या दिवशी ती कोपऱ्यावरून वळून, सब्जीवाल्याला चुकवून, परत फाटकापाशी येऊन थांबली, तेव्हा तिवारीजींनी टाळ्या वाजवल्या आणि आत्माराम म्हणाले, "गिअर उशिरा टाकलास."

एकदा दुपारी त्यांनी मध्येच विचारलं, "तो इश्तियाक, माझ्याएवढा म्हातारा आहे का गं?"

"नाही. सत्तरचे असतील."

"पोरगाच आहे म्हणजे. त्याला बोलाव एकदा चहाला. किती दिवस तू दोघांच्या मधे हमाली करणार?"

जानेवारीतला एक रविवार ठरला. चारुलताने निरोप नेला. मियाँ इतके खूश झाले की कुठली शेरवानी घालू इथवर विचारलं. पण त्या आठवड्यात लखनौवर धुकं असं उतरलं की दुपारी बारालाही रस्त्यापलीकडचं दिसेना. शिवाय मियाँच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तारीख मिळाली. चहा पुढे ढकलला. "फेब्रुवारीत ऊन पडलं की," आत्माराम म्हणाले.

फेब्रुवारीच्या चार तारखेला पहाटे झोपेतच ते गेले. धनंजय विमानाने आला, सगळं केलं, तेराव्यानंतर दोन दिवस राहिला. जायच्या आदल्या संध्याकाळी तो पोर्चमध्ये गाडीजवळ बराच वेळ उभा होता. "ताई, पुण्याला चल," म्हणाला. ती म्हणाली, "रिटायर झाले की बघू." ती जाणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मार्चच्या पहिल्या रविवारी फाटक वाजलं. बाहेर इश्तियाक मियाँ उभे होते. पांढरा धुतलेला कुर्ता, काळी शेरवानी आणि डोळ्यांना ऑपरेशनवाल्यांचा हिरवट काळा चष्मा. लालबागहून दोन टेंपो बदलून, पत्ता विचारत विचारत ते आले होते.

"मुझे बहुत देर से ख़बर मिली, मैडम. माफ़ कीजिएगा. चाय पर आना था."

चारुलताने त्यांना आत बोलावलं. ते पोर्चमध्येच थांबले. त्यांनी गाडी पाहिली होती. काळा चष्मा काढून ते वाकले. ऑपरेशननंतर त्यांना आता बारीक अक्षरही दिसत होतं. पुढचा मडगार्ड त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिला, आणि डाव्या कानापाशी त्यांची नजर अडकली.

"या अल्लाह. यहाँ तो लहर रह गई है."

चारुलताही वाकली. उन्हाच्या तिरिपेत पत्र्यावर एक अगदी हलकी लाट दिसत होती, पाण्यावर फुंकर मारावी तेवढी.

"अब्बा ने देखी थी?"

"हाँ. हाथ फेरा था. उँगली वहाँ रुकी थी."

"फिर? कुछ कहा होगा."

"बहुत पसंद आया था उनको. कह रहे थे, ऐसा काम…"

"मैडम," इश्तियाक मियाँ हलकेच म्हणाले, "आप हमेशा मीठा करके बताती रहीं. इधर भी, उधर भी. मैं समझता था. आज वैसा ही बताइए जैसा उन्होंने कहा. उन्हीं की ज़बान में."

चारुलता उभी राहिली. त्या रविवारी, फोन वगैरे होऊन गेल्यावर, ती हात धूत असताना बाबा खुर्चीतून गाडीकडे बघत स्वतःशीच एक शब्द बोलले होते. तिला ऐकू जावा म्हणून नव्हे, पण तो तिने ऐकला होता.

"'चालेल,'" ती म्हणाली.

"चालेल," मियाँनी तो शब्द जपून उच्चारला. "यानी?"

तिने विचार केला. आईच्या हातच्या पुरणपोळीला बाबा हा शब्द म्हणाले होते. ती एम. ए. झाली तेव्हा. धनंजयला मुलगी झाली तेव्हा. संस्थेने त्यांचं एक यंत्र दिल्लीच्या प्रदर्शनात मांडलं, त्या संध्याकाळी. आणखी आठवेना.

"यानी," ती म्हणाली, "इससे बड़ी बात उन्होंने मेरे सामने कभी किसी चीज़ के लिए नहीं कही."

इश्तियाक मियाँनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, "खोल दूँ? ले जाता हूँ. दो हाथ में निकल जाएगी लहर."

"रहने दीजिए."

"जी."

ती चहा करायला आत गेली. कप घेऊन बाहेर आली तेव्हा बाबांची खुर्ची रिकामीच होती, तिच्यावर शाल घडी घालून ठेवलेली होती. मियाँ शेजारच्या पायरीवर बसले होते. त्यांच्या कपात तिने एक चमचा साखर जास्त घातली होती. तिनेही आपला कप घेतला आणि दुसऱ्या पायरीवर बसली.